वैमानिकाची मुलाखत ही वक्तृत्व स्पर्धा नव्हे

विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी कशी मिळते, याविषयी आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. परवाना मिळाला, तास भरले, लेखी परीक्षा झाली की उरते ती फक्त मुलाखत. आणि मुलाखत म्हणजे फर्डं इंग्रजी, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर आत्मविश्वास आणि नेहमीच्या शंभरेक प्रश्नांची घोटून पाठ केलेली उत्तरं. हा समज पालकांमध्ये आहे, परवाना हातात घेऊन भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांमध्ये आहे, आणि मुलाखतीची तयारी करून देणारे अनेक वर्ग तर त्याच्याच जोरावर चालतात. त्याला जोडून दुसरा समज येतो : ओळख असेल तर बाकी काही लागत नाही, आणि ओळख नसेल तर बाकी कशाचाच उपयोग नाही. या दोन्ही समजांनी मुलांचं नुकसान होतं आहे, म्हणून त्यांचा प्रतिवाद करायला हवा. माझं म्हणणं थोडक्यात असं : नीट घेतलेल्या मुलाखतीत उमेदवाराचं बोलणं किती गुळगुळीत आहे हे पाहत नाहीत. अडचणीच्या क्षणी हा माणूस खरं बोलेल का, हे पाहतात. स्वतःला काय येत नाही याविषयी, विमानाच्या स्थितीविषयी आणि गरज पडली तर शेजारच्या खुर्चीतल्या वरिष्ठाच्या चुकीविषयी तो तोंड उघडेल का, हा खरा प्रश्न असतो. पाठांतराने याचं उत्तर देता येत नाही, उलट पाठांतराची सवय त्याच्या आड येते.

आधी या निवडीचा सांगाडा पाहू. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय यांच्या परीक्षा द्याव्या लागतात, रेडिओ टेलिफोनीचा परवाना काढावा लागतो आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. त्यानंतर कंपनी जी निवड करते तिचे टप्पे साधारण ठरलेले असतात, क्रम मात्र कंपनीगणिक बदलतो. तांत्रिक विषयांची लेखी परीक्षा होते. संगणकावर कल चाचणी होते. तिच्यात एका हाताने पडद्यावरचा ठिपका चौकटीत धरून ठेवायचा आणि त्याच वेळी कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे, अशी कामं असतात. व्यक्तिमत्त्वाविषयी शेकडो विधानांची प्रश्नावली असते आणि तीत तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. कुठे गटचर्चा असते, कुठे सिम्युलेटरवरची चाचणी असते. शेवटी दोघा-तिघांच्या पॅनेलसमोर बसावं लागतं. त्यात बहुधा एक अनुभवी कॅप्टन असतो आणि एक मनुष्यबळ विभागातली व्यक्ती. एवढ्या चाळण्यांतून निवड होत असताना, तीस-चाळीस मिनिटांच्या गोड बोलण्यावर सगळं ठरतं असं मानणं हेच मुळात विसंगत आहे. लेखी परीक्षेने ज्ञान कळतं, कल चाचणीने हात आणि डोकं किती भार झेलतं ते कळतं. मग समोरासमोर बसवून नेमकं काय पाहायचं असतं?

ते कळण्यासाठी एक तांत्रिक प्रश्न जवळून पाहावा. ‘क्यूएनएच म्हणजे काय?’ हा प्रश्न प्रत्येक प्रश्नसंचात असतो आणि त्याची व्याख्या प्रत्येकाला पाठ असते. उमेदवार सांगतो की समुद्रसपाटीवर आणून मोजलेला हवेचा हा दाब अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, लावायचा असतो. मग कॅप्टन विचारतो : जुलै महिना आहे, मुंबईत क्यूएनएच १००३ आहे आणि तुमच्या अल्टिमीटरवर चुकून १०१३ राहिला, तर काय होईल? एका हेक्टोपास्कलला सुमारे तीस फूट धरले तर फरक तीनशे फुटांचा निघतो, हेही बरेच जण सांगतात. पुढचा प्रश्न येतो : म्हणजे यंत्र दाखवतं त्यापेक्षा तुम्ही वर आहात की खाली? पाठांतर इथे संपतं. ज्याने दाब आणि उंची यांचं नातं मनात उभं केलेलं असतं, तो क्षणभर थांबतो आणि सांगतो की यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त उंची दाखवेल, विमान खाली असेल, आणि ढगांत उतरताना हेच घातक आहे. ज्याने ते केलेलं नसतं त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, ठोकून द्यायचं. दोन, ‘मला खात्री नाही, मोठ्याने विचार करून सांगू का?’ असं म्हणायचं. पॅनेलवरच्या कॅप्टनला उत्तर आधीपासून माहीत असतं. त्याला पाहायचं असतं की उमेदवार कोणती वाट धरतो. ठोकून दिलेलं उत्तर योगायोगाने बरोबर निघालं तरी ते ठोकून दिलेलं आहे हे पुढच्याच प्रश्नात उघडं पडतं. कॉकपिटमध्ये न कळलेल्या गोष्टीवर कळल्यासारखी मान डोलावणारा सहकारी धोकादायक असतो, आणि पॅनेलला नको असलेला माणूस हाच असतो.

याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. तुम्ही फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहात; विमान कॅप्टन चालवत आहेत. जमिनीपासून हजार फुटांवर वेग जास्त आहे, खाली येण्याचा दर जास्त आहे, विमान स्थिर नाही. काय कराल? ‘गो-अराउंड म्हणेन’, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर न्यायला सांगेन, हे तयार उत्तर आहे. पॅनेल म्हणतं, कॅप्टन काही बोलत नाहीत. ‘पुन्हा म्हणेन.’ कॅप्टन म्हणतात, ‘जमवतो मी.’ आता विमान तीनशे फुटांवर आहे आणि कॅप्टनच्या गाठीशी दहा हजार तास आहेत, तुमच्या गाठीशी तीनशे. आता? इथे उमेदवार गडबडतात, कारण छापील उत्तर पहिल्या पायरीवरच संपलेलं असतं. प्रश्न मात्र पुस्तकी नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान ८०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुरुवातीपासून सुमारे ५२०० फूट पुढे टेकलं, पुढे डोंगरमाथ्याच्या कडेवरून खाली गेलं आणि १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की सहवैमानिकाने गो-अराउंड करण्याविषयी तीनदा सांगितलं होतं. कॅप्टनने ते ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतलं नाही. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचं विमान भर पावसात कोझिकोडच्या धावपट्टीवर उशिरा टेकलं आणि पुढे दरीत कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला. त्या अपघाताच्या अहवालानेही तेच नोंदवलं : सहवैमानिकाने गो-अराउंडची सूचना केली होती, कॅप्टनने ती पाळली नाही आणि सहवैमानिकाने नियंत्रण घेतलं नाही. दोन्ही ठिकाणी धोका दिसला होता, तो उच्चारलाही गेला होता. कमी पडली ती त्यापुढची एक पायरी. गेलेल्या माणसांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या खुर्चीत बसून वरिष्ठाच्या हातून नियंत्रण घेणं किती अवघड आहे, हेच त्यातून दिसतं. म्हणूनच ज्या माणसाला ती पायरी चढता येईल त्याला शोधणं हे मुलाखतीचं काम आहे, आणि ‘तीनशे फुटांवर काय कराल’ हा प्रश्न उमेदवाराला कोंडीत पकडण्यासाठी विचारलेला नसतो.

हा शोध आजचा नाही. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडाची शहानिशा करत जवळपास तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. विमानातले १० जण गेले. इंधन कमी होत आहे हे कॉकपिटमधल्या इतर दोघांना दिसत होतं, पण त्यांच्या सांगण्यात कॅप्टनला भानावर आणण्याइतका ठामपणा नव्हता. या आणि अशाच अपघातांनंतर नासाने १९७९ मध्ये एक कार्यशाळा घेतली. क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे सीआरएम, या चमूने मिळून काम करण्याच्या प्रशिक्षणाची सुरुवात तिथून झाली आणि युनायटेडने ते पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे सुरू केलं. त्याचं फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसलं. त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकाच वेळी निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये बोलावलं, प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं, कामं वाटून घेतली आणि विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमानात २९६ जण होते, त्यांतले १८४ वाचले. हे सीआरएममुळे जमलं, असं हेन्स पुढे जाहीरपणे सांगत राहिले. एका अपघातात खालून वर बोलणं कमी पडलं होतं, दुसऱ्यात वरून खाली ऐकणं कामी आलं. आजच्या मुलाखतीतल्या ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत’, ‘एखाद्या वेळी तुमचा निर्णय चुकला तेव्हा कसं सावरलंत’ या प्रश्नांचं मूळ या इतिहासात आहे. ज्यांना हे प्रश्न भरती विभागाची औपचारिकता वाटते, त्यांना पोर्टलंड माहीत नसतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप इंग्रजीचा आहे आणि तो आपल्या मुलांना सगळ्यात जास्त घाबरवतो. गोंदिया, बारामती, शिरपूर, जळगाव अशा ठिकाणी उड्डाणाचं प्रशिक्षण घेणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना वाटतं की कॉन्व्हेंटचं इंग्रजी नसेल तर पॅनेलसमोर निभाव लागणार नाही. भाषेचं महत्त्व खरं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. कझाकस्तानच्या विमानाने नेमून दिलेली उंची सोडली होती, आणि इंग्रजीतल्या सूचना त्या चमूला नीट न कळणं हे त्यातलं मोठं कारण मानलं गेलं. अशा अपघातांनंतरच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजीच्या पातळ्या ठरवल्या. पण त्या पातळ्या काय मोजतात तेही पाहावं. कामासाठी आवश्यक मानलेल्या चौथ्या पातळीवर प्रादेशिक उच्चार चालतात, त्यांनी समजण्यात वारंवार अडथळा येऊ नये एवढीच अपेक्षा असते. अनोळखी परिस्थितीत भाषा अडली तर ती सोडवून घेता यायला हवी, ही अट मात्र असते. दुसरं उदाहरण १९९० च्या जानेवारीतलं. न्यूयॉर्कजवळ अव्हियांकाचं विमान इंधन संपून पडलं आणि ७३ जण गेले. इंधन संपत आलं आहे हे त्या चमूने इंग्रजीतच कळवलं होतं, पण आणीबाणीची ठरलेली घोषणा केली नाही, त्यामुळे नियंत्रकांना प्रसंगाची निकड कळली नाही. तिथे हवी होती ती नेमकी आणि वेळेवर केलेली घोषणा. फर्ड्या इंग्रजीने ती उणीव भरून निघाली नसती. मराठी वळणाच्या उच्चारात, लहान वाक्यांत, अर्थ न लपवता बोलणारा उमेदवार या कसोटीवर उतरतो. अडखळत का होईना ‘प्रश्न नीट कळला नाही, पुन्हा विचाराल का’ म्हणणारी मुलगी, न कळलेल्या प्रश्नावर सफाईदार भाषण करणाऱ्या मुलापेक्षा वैमानिक म्हणून जास्त भरवशाची असते. ज्या पॅनेलला हा फरक कळत नाही त्या पॅनेलचं चुकतं. त्यासाठी मुलीने स्वतःची भाषा लपवायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की तयारीचे वर्ग लावलेली मुलं निवडली जातात, हे डोळ्यांनी दिसतं, मग पाठांतर निरुपयोगी कसं? यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. वर्गामुळे विषयांची उजळणी होते, लोकांसमोर बसायची भीती मोडते, कपड्यांपासून कागदपत्रांपर्यंत शिस्त येते. याचा फायदा होतोच आणि त्याला कोणी नाकारू नये. पण त्याच वर्गात जेव्हा ‘तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता’ या प्रश्नावर ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो’ हे उत्तर वाटलं जातं, किंवा ‘कठीण प्रसंग’ म्हणून दुसऱ्या कोणाचा अनुभव स्वतःच्या नावावर सांगायला शिकवलं जातं, तेव्हा मुलाला खोटं बोलण्याचा सराव दिला जातो. जुने जाणते कॅप्टन असं उत्तर ओळखतात, कारण त्या प्रसंगाचा तपशील विचारला की ते कोसळतं : त्या दिवशी वारा कुठून होता, तुमच्या शेजारी कोण होतं, विमान कोणतं होतं, नंतर लॉगबुकमध्ये काय नोंदवलंत? खऱ्या अनुभवाला हे तपशील आपोआप चिकटलेले असतात. एकट्याने केलेल्या लांबच्या उड्डाणात ढग खाली आले आणि परत फिरावं लागलं, एवढा साधा खरा प्रसंगही उसन्या पराक्रमापेक्षा मोलाचा ठरतो, कारण त्यात निर्णय असतो आणि त्या निर्णयाची किंमतही असते. परत फिरलेला विद्यार्थी लक्ष्य चुकलं म्हणून लाजत असेल तर त्याला सांगायला हवं की पॅनेलला ऐकायचं आहे ते हेच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो व्यवहाराचा आहे. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, असं तो म्हणतो. एखादी चाचणी पहिल्या प्रयत्नात नापास झाली, एखाद्या विषयाला तीनदा बसावं लागलं, प्रशिक्षणात खंड पडला, हे आपणहून सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं, असं अनेकांना वाटतं. ज्या घराने जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून पन्नास लाखांच्या घरातला खर्च केला, आणि वर टाइप रेटिंगचा, म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या विमानासाठीच्या प्रशिक्षणाचा, वेगळा भार उचलला, त्या घरातल्या मुलाला ही भीती वाटणं स्वाभाविक आहे. तरीही पुरावा लपवण्याच्या विरुद्ध आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली. त्या विमानाच्या कॅप्टनने नोकरीच्या अर्जात आधीच्या सगळ्या नापास चाचण्या सांगितल्या नव्हत्या. २०१९ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये ॲटलस एअरचं मालवाहू विमान पडलं आणि विमानातले तिघंही गेले. त्या विमानाच्या सहवैमानिकाने आधीच्या कंपन्यांमधलं प्रशिक्षणातलं अपयश दडवलं होतं, आणि चौकशीत हाच मुद्दा पुढे आला की ते दडवलेलं वेळीच सापडलं असतं तर तो त्या खुर्चीत बसलाच नसता. बफेलोनंतर अमेरिकेत वैमानिकांच्या नोंदींचा केंद्रीय कोश करण्याचा कायदा झाला. भारतात २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक सापडले, त्यांना अटक झाली आणि त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी कडक झाली. दडवलेली गोष्ट आज ना उद्या बाहेर येतेच. मुलाखतीत आली तर नोकरी जाते, आकाशात आली तर माणसं जातात. नापास झालेली चाचणी सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग काय बदललंत? ‘क्रॉसविंडमध्ये उतरताना रडर उशिरा देत होतो, प्रशिक्षकाबरोबर अमुक तास फक्त तेवढंच केलं’, असं उत्तर देणाऱ्याने आपली चूक ओळखून दुरुस्त केलेली असते. पुढची वीस-तीस वर्षं दर सहा महिन्यांनी ज्याला सिम्युलेटरवर तपासलं जाणार आहे, त्याच्याकडून याहून महत्त्वाची कोणती कुवत हवी?

याच मुद्द्याची दुसरी बाजू कंपन्यांनी आणि नियामकांनी ऐकायला हवी. खरं बोलण्याची अपेक्षा एकतर्फी ठेवता येत नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्सच्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर दार बंद करून विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं आणि १५० जण मारले गेले. आपला मानसिक आजार त्याने कंपनीपासून लपवला होता. त्यानंतर युरोपात वैमानिकांचं मानसिक मूल्यमापन बंधनकारक झालं, आणि त्याच्याच जोडीला अडचण सांगणाऱ्या वैमानिकाला आधार देणारी सहकाऱ्यांची व्यवस्थाही उभी करायला लावली. ही जोडी महत्त्वाची आहे. ‘दमलो आहे, आज उडू शकत नाही’ असं सांगणाऱ्याला नोकरीची भीती वाटत असेल, तर मुलाखतीतला थकव्याविषयीचा प्रश्न ढोंग ठरतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, ती थकवा हा धोका आहे हे मान्य करूनच. मग मुलाखतीत ‘मी कितीही तास काम करू शकतो’ म्हणणाऱ्या उमेदवाराचं कौतुक करणं बंद व्हायला हवं. ते उत्तर मेहनतीचं वाटतं, पण नियम आणि सुरक्षा या दोन्हींच्या विरुद्ध आहे.

उरला ओळखीचा आणि मर्जीचा आक्षेप. मुलाखत शेवटी माणसंच घेतात, त्यांना आवडीनिवडी असतात, ओळखीपाळखी असतात, मग तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? हा आक्षेप फेटाळता येणार नाही. भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथुर यांच्याकडे परवाना असूनही, स्त्री आहेत म्हणून, अनेक विमान कंपन्यांनी त्यांना नाकारलं होतं. १९४७ साली हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं. म्हणजे पॅनेलचा पूर्वग्रह योग्य माणसाला बाहेर ठेवू शकतो, हे उघड आहे. आणि पूर्वग्रह बाजूला ठेवला की काय होतं तेही दिसलं आहे. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानातून कोलकाता-सिलचर मार्गावर कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी पूर्णपणे स्त्रियांच्या चमूचं उड्डाण केलं. आज भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे आणि ते जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. पण मर्जीवर उपाय म्हणून मुलाखतच रद्द करा, केवळ गुण आणि तास पाहा, असं म्हणणाऱ्यांनी संशोधन पाहावं. निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये मांडला. सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत, गप्पांच्या अंगाने चालणाऱ्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामगिरीचा अंदाज जास्त चांगला देते, असं त्यात आढळलं. २०२२ मध्ये त्याच आकडेमोडीची नव्याने तपासणी झाली तेव्हा आकडे खाली आले, पण ठरलेल्या रचनेची मुलाखत सर्वांत वरच्या पद्धतींमध्येच राहिली आणि गप्पांची मुलाखत बरीच मागे पडली. याचा अर्थ दोष मुलाखतीत नाही, सैल मुलाखतीत आहे. कंपन्यांनी प्रश्न आणि निकष आधी ठरवावेत, गुण प्रत्येकाने वेगवेगळे आणि लेखी द्यावेत, पॅनेलवर मनुष्यबळ विभागाइतकंच वजन उड्डाण विभागाला असावं, आणि नाकारलेल्या उमेदवाराला कुठे कमी पडलो हे एका ओळीत तरी कळवावं. लाखो रुपयांचं कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाला ‘निवड झाली नाही’ एवढंच कळवणं अन्यायाचं आहे, आणि मर्जीच्या अफवांना खतपाणी तिथूनच मिळतं.

काहींना वाटेल की भरपूर वैमानिक लागणार असलेल्या देशात एवढी चिरफाड कशाला? २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, इंडिगोने एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली. अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक तयार करायची प्रशिक्षण संस्था उभारण्याचा निर्णय झाला. मागणी एवढी असेल तर चाळणी सैल का करू नये? उत्तर सरळ आहे. विमानं वाढतात तेव्हा नवे फर्स्ट ऑफिसर लवकर कॅप्टन होतात, आणि अनुभवाची उतरंड बसायला मिळणारा वेळ कमी होतो. अशा वेळी स्वभावाची पारख सैल करणं म्हणजे मंगळूर आणि कोझिकोडच्या अहवालांतली ओळ पुन्हा लिहायची तयारी करणं. उलट बाजूने, एका भरतीला हजारो अर्ज येतात, म्हणून कोणत्याही मार्गाने निवडलं जाणं हेच शहाणपण, असं म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की ही नोकरी मिळवून संपत नाही. पहिल्या दिवसापासून दर तपासणीत, दर उड्डाणात, उड्डाणापूर्वीच्या दर श्वासचाचणीत तीच परीक्षा सुरू राहते.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना माझं सांगणं आहे. शंभर प्रश्नांची यादी बाजूला ठेवा आणि स्वतःचं लॉगबुक उघडा. त्यातल्या प्रत्येक खाडाखोडीचं, प्रत्येक परत फिरलेल्या उड्डाणाचं, प्रत्येक नापास चाचणीचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, ते पाहा. ज्या विमानावर शिकलात त्याची इंधन यंत्रणा कागदावर काढून पाहा. रोजचा हवामान अहवाल वाचा आणि आज तुम्ही उडाला असता का, हे ठरवा. मंगळूर आणि कोझिकोडचे चौकशी अहवाल कोणालाही वाचायला उपलब्ध आहेत. ते पूर्ण वाचा आणि तिसऱ्यांदा ‘गो-अराउंड’ म्हणूनही कोणी ऐकलं नाही तर चौथ्या क्षणी हात कुठे जाईल, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणायची सवय आजपासून लावा, घरीसुद्धा. पालकांनी एवढंच करावं : मुलगा किंवा मुलगी नापास झालेली चाचणी घरी सांगू शकेल, असं घर ठेवावं. आपल्या चुकीविषयी घरात बोलायला घाबरणारं मूल पॅनेलसमोर खरं बोलणार नाही, आणि कॉकपिटमध्ये तर मुळीच नाही.